झाकणातली रिकामी जागा

मी पेटी. काही लोक हार्मोनियम म्हणतात. आमच्या गावात पेटीच म्हणतात आणि मला तेवढं नाव पुरे आहे.

मी आता वाजत नाही. हे आधीच सांगते, म्हणजे ऐकणाऱ्याने उगाच आशा धरू नये.

माझी घडण नगरची. सागवानी लाकूड, पितळी सूर, कातड्याने जोडलेला भाता. कारागीर हट्टी होता. लाकूड पुरतं वाळल्याशिवाय त्याने रंधा हातात घेतला नाही. गिऱ्हाईक तीन वेळा येऊन रिकामं परत गेलं. चौथ्या वेळी मला घेऊनच गेलं. त्या गिऱ्हाइकाचं नाव गिदोन.

गिदोन नेवासा तालुक्यातल्या प्रवराकाठच्या गावचा. साखर कारखान्यात बॉयलरवर कामाला. शाळा तिसरीपर्यंत. एस.टी.त त्याने मला टपावर टाकलं नाही. गावापर्यंत मांडीवर घेऊन बसला. कंडक्टर म्हणाला, "पावनं, लेकरू हाय का ते?" गिदोन म्हणाला, "तिकीट फाड अन् म्होरं चल."

असा माणूस. बोलणं कमी, आणि बोलला की समोरच्याचं बोलणं संपायचं.

रविवारी मी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, वाजायची. नाताळात घरोघर फिरायची. पण माझं खरं काम वेगळं होतं. आमच्या ख्रिस्ती वस्तीत कोणी वारलं, की गिदोन माझा पट्टा गळ्यात अडकवायचा, मला पोटाशी धरायचा आणि शवपेटीच्या पुढे चालायचा. घरापासून कबरस्तानापर्यंत चढ आहे. चढावर दम लागला तर माणसं थांबायची. गाणं थांबायचं नाही.

माती देऊन घरी आला, की हातपाय धुऊन गिदोन माझं वरचं झाकण उघडायचा. झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने मेलेल्या माणसाचं नाव लिहायचा. अक्षर वाकडंतिकडं. वेलांटी कुठेही. पण नाव चुकायचं नाही. गावाच्या दप्तरात कोणाची नोंद असो वा नसो, माझ्या झाकणात असायची.

पुंजाराम हा गिदोनचा दोस्त. हिंदू शेतकरी, देवळातल्या भजनाला ढोलकी धरायचा. तो गेला तेव्हा त्याचा मुलगा दारात येऊन म्हणाला, "गिदोनकाका, पेटी आना. आमचा बाप पेटीबिगर जायचा न्हाई." त्या दिवशी मी नदीकाठच्या सरणापर्यंत वाजले. संध्याकाळी पुंजारामचं नाव बाकीच्या नावांखाली लिहिलं गेलं.

एक नाव मात्र झाकणात नाही. गिदोनचा सख्खा भाऊ भीमा. तो वारला तेव्हा मी नगरला दुरुस्तीला होते. त्याला मुकीच माती दिली. गिदोनची बायको मरिया म्हणाली, "अहो, पाठचा भाऊ तुमचा. लिहा की त्याचं नाव."

"वाजली का त्याच्या म्होरं?"

"न्हाई."

"मग लिहू कसं? पेटीत खोटं लिहू व्हय?"

भीमाचं नाव लिहिलं गेलं नाही. पुढे मरिया गेली. तिच्यापुढे गिदोनने स्वतःच मला वाजवलं. एक सूर चुकला नाही. घरी येऊन तिचं नाव लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं. त्याने विळीवर टोक केलं आणि उरलेलं अक्षर पुरं केलं.

मरियाच्या नावाशेजारी, कोपऱ्यात, एका नावापुरती जागा त्याने सोडली होती. कोणासाठी, ते विचारायची गरज नव्हती.

वय झालं तशी त्याची बोटं आखडली. मग त्याने नातीला शिकवायला घेतलं. प्रार्थना तिचं नाव. नगरला कॉलेजात शिकायची, सावेडीत मावशीकडे राहायची, शनिवारी गावी यायची. गळा चांगला होता. हात जरा घाईचा.

"भाता असा उपसू नको. इहिरीचं पानी न्हाई ते," गिदोन म्हणायचा.

"आजोबा, तुम्ही शिव्या देता का शिकवता?"

"दोन्ही. वायलं वायलं करायला टाइम न्हाई."

ती हसायची. तो हसायचा नाही. पण ती नगरला गेल्यावर मला पुसताना तिचंच गाणं गुणगुणायचा. हे फक्त मला ठाऊक आहे.

एका शनिवारी तिचं गाणं संपल्यावर तो म्हणाला, "माझ्या मातीला हीच वाजवायची. अन् तूच. दुसऱ्या कुनाचा हात लागू द्यायचा न्हाई. नाव त्या कोपऱ्यात लिही. वेलांटी पहिली दे."

"असं काय बोलता हो?"

"व्हय म्हन."

"हो, आजोबा."

एवढं एकच त्याने मागितलं. आयुष्यात त्याने कोणाकडे काही मागितल्याचं मी पाहिलेलं नाही.

पुढच्या उन्हाळ्याआधी प्रार्थना दोघांना घेऊन आली. एक रविराज, एक रेश्मा. दोघं तिच्याच वर्गातली. विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी गाण्याचा व्हिडिओ करायचा होता. गाणं प्रार्थनाने गायलेलं, चित्रण रेश्माचं, बाकी सगळं रविराजचं. रविराजच्या मोबाईलमध्ये एका परदेशी गाण्याचा व्हिडिओ होता. त्यात एक मोठा काळा पियानो तळ्यात हळूहळू बुडतो आणि बाई काठावर उभी राहून गाते. रविराजने तो किती वेळा पाहिला असेल, त्याचं त्याला माहीत. नगर जिल्ह्यात बुडवायला पियानो कोण देणार? मग प्रार्थनाला मी आठवले.

गिदोनला तिने एवढंच सांगितलं, "आजोबा, पेटी व्हिडिओत घ्यायची आहे."

"काय वाजवनार?"

"आमचंच गाणं आहे."

गिदोनने मला घासून पुसलं. पट्टा नवा लावला. मरियाच्या लुगड्याची शिवलेली गवसणी चढवली. दुरुस्ती सोडली तर घरातून मी दुसऱ्याच्या हाती पहिल्यांदाच जात होते. दारात तो रविराजला म्हणाला, "उन्हात ठिवू नका. लाकूड तडकतं. दिवस मावळायच्या आत परत."

"हो बाबा, काळजी नका करू," रविराज म्हणाला.

पाण्याबद्दल गिदोन काही बोलला नाही. ते त्याच्या मनातच आलं नाही. पेटी पाण्यात घालतात, हे कोणाच्या मनात येणार?

नदीवर आधी मला वाळूत ठेवलं. प्रार्थना शेजारी उभी राहून ओठ हलवत होती. गाणं एका स्पीकरवर लागलं होतं. त्यातला बाजा संगणकावर बनवलेला होता. माझ्या पट्टीला कोणी बोटही लावलं नाही.

रविराजने मोबाईल काढला. परदेशी व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. "आता पाणी. पियानो इथं डावीकडे कलतो. आपलीही डावीकडेच कलली पाहिजे."

रेश्मा म्हणाली, "सगळंच तसंच करायचंय, तर तोच व्हिडिओ पाठवून दे ना स्पर्धेला. खाली नाव टाक तुझं."

"याला कॉपी नाही म्हणत. प्रेरणा म्हणतात."

"हो का? बारावीला माझ्या पुढच्या बाकावरच्या पोरीकडून मीही प्रेरणाच घेत होते."

रविराज हसला नाही. प्रार्थना माझ्याकडे बघत होती. "आजोबांची आहे रे ती. काठावर ठेवून नाही का भागणार?"

"काठावर ठेवून काय दिसणार? भजन वाटेल. हे बघ, एकच टेक. लाकूडच आहे, तरंगेल. लगेच काढू, पुसू, वाळवू. तुझ्या गाण्यासाठीच चाललंय ना हे सगळं?"

तिने माझ्या गवसणीची घडी केली. नदीवर वारा होता. मग म्हणाली, "एकदाच."

त्या एका शब्दावर मी पाण्यात गेले.

रविराजने मला गुडघाभर पाण्यात नेलं आणि सोडलं. थोडा वेळ मी तरंगले. मग भात्यात पाणी शिरलं आणि मी उजवीकडे कलले. पाणी आत येताना आतली हवा सुरांमधून बाहेर पडली. मी वाजले. एकच लांब, घोगरा आवाज.

रेश्मा ओरडली, "ए, वाजतेय ती!"

रविराज म्हणाला, "वाजू दे. आवाज आपण वरून टाकणार आहोत."

उजवीकडे कलले म्हणून दुसऱ्यांदा सोडलं. त्यात रविराजची सावली आली म्हणून तिसऱ्यांदा. या वेळी डावीकडे कलावी म्हणून आत एक दगड ठेवला. तिसऱ्यांदा मी बरोबर डावीकडे कलले आणि तळाला गेले. प्रार्थना काठावर उभी राहून ओठ हलवत होती. तिचे डोळे भरलेले होते. रविराजला ते फार आवडलं.

मग मला उन्हात वाळवलं. भर उन्हात, वाळूवर, झाकण उघडं टाकून. सरस सुटला होता. लाकूड आधी फुगलं, मग तडकलं.

दिवस मावळायच्या आत मी घरी पोचले. तेवढा शब्द पाळला.

गिदोनने गवसणी काढली. हात लावला. भाता ओढला. नुसती फुस्स हवा.

"कशानं भिजली?"

"पडली, आजोबा. नदीत."

"पडली." त्याने माझ्या आत हात घालून ओली वाळू काढली. वाळूबरोबर दगड निघाला. तो त्याने पायरीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिला.

झाकणातली नावं मात्र गेली नव्हती. पेन्सिल पाण्याला भीत नाही. सगळी नावं जागच्या जागी होती. कोपराही होता.

गिदोनचा मुलगा, म्हणजे प्रार्थनाचा बाप, अँड्र्यू मला टेम्पोत घालून नगरला घेऊन गेला. दुरुस्ती करणाऱ्याने उघडून पाहिलं आणि झाकण लावलं. सगळंच नवं बसवावं लागेल म्हणाला, त्यापेक्षा नवी पेटी घ्या. अँड्र्यूने घरी येऊन तसं सांगितलं. गिदोन म्हणाला, "नवी कुनाच्याबी म्होरं वाजवा. माझ्या म्होरं न्हाई."

स्पर्धेचा निकाल लागला. व्हिडिओला दुसरा नंबर मिळाला. त्यानंतरच्या शनिवारी प्रार्थना आली आणि ओसरीवर आजोबांच्या पायाशी बसली. तिने सगळं सांगितलं. एकदा पाण्यात सोडली, दुसऱ्यांदा सोडली, तिसऱ्यांदाही. दगडही सांगितला.

"परीक्षक बाईंनी विचारलं, पेटी बुडताना अगदी खरी वाटते, संगणकावर कशी केलीत? रविराज म्हणाला, खरीच बुडवली. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, तुम्ही ज्याच्यावरून हे घेतलंत, तो व्हिडिओ मी पाहिलाय. त्यातला पियानो पाण्यात गेलाच नव्हता. तळंसुद्धा नव्हतं तिथं. सगळं संगणकावरचं."

गिदोनने कोनाड्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "खोटं बघून खरं बुडवलं म्हन की."

"आजोबा, मारा मला."

"मारून वाजंल का ती?"

त्यानंतर तो तिच्याशी वाईट वागला नाही. जेवलीस का विचारायचा. एस.टी. किती वाजता विचारायचा. पण गायला सांगितलं नाही. तीही गायली नाही. शनिवार येत राहिले. मी कोनाड्यात होते.

थंडीत गिदोन गेला. सकाळी चहा निवला तरी उठला नाही.

रविराज आला होता. त्याने कीबोर्ड आणला होता. अँड्र्यूला म्हणाला, "काका, मी वाजवू का?" अँड्र्यूने प्रार्थनाकडे पाहिलं. ती म्हणाली, "नाही. त्यांनी नको म्हटलं होतं." रविराज कीबोर्ड खांद्यावर घेऊन माणसांच्या मागे चालला.

पण गिदोनसारख्या माणसाची माती मुकी कशी न्यायची? वस्तीतल्या माणसांना ते सोसेना. कोणीतरी टेम्पोवर स्पीकर बांधला आणि मोबाईल जोडला. भजन लागलं. मी कोनाड्यातून ऐकत होते. टेम्पो चढाला लागला, तसं भजन मध्येच थांबलं आणि एक बाई हसून साबणाबद्दल बोलू लागली. माणसं उभी राहिली, असं नंतर ओसरीवर बोलत होते. जाहिरात संपेपर्यंत शवपेटी खांद्यांवर तशीच थांबली. चढावर गाणं थांबलं, ते त्या गावात पहिल्यांदाच.

संध्याकाळी प्रार्थनाने हातपाय धुतले. मला कोनाड्यातून खाली घेतलं. झाकण उघडलं. हातात पेन्सिल होती, विळीवर नुकतंच टोक केलेली. तिने नावं वाचली. पुंजारामचं वाचलं, मरियाचं वाचलं, मोडक्या टोकाच्या अक्षरावर बोट फिरवलं. मग पेन्सिल कोपऱ्यावर टेकवली.

अँड्र्यू दारातून म्हणाला, "लिही ना, बाई. बाप होता माझा."

तिने विचारलं, "वाजली का त्यांच्यापुढं?"

अँड्र्यू दारातून बाजूला झाला.

तिने पेन्सिल झाकणात ठेवली आणि झाकण लावलं.

तेव्हापासून मी कोनाड्यात आहे. माझा भाता आखडलाय, पट्ट्या फुगून बसल्यात, तळाच्या फटीतून अजून कधी कधी वाळू गळते. मला बघायला येऊ नका. दुरुस्तीचं कोणी बोलू नका.

ज्यांना व्हिडिओ करायचे त्यांनी करावेत. दुसऱ्याचं बघून शिकावं, गिदोनही दुसऱ्याचा हात बघूनच शिकला होता. पण घरातून एखादी वस्तू उचलाल, तेव्हा आधी तिचं झाकण उघडून बघा. आत काय लिहिलंय ते वाचा. कोणासाठी जागा सोडलीय ते विचारा.

माझ्या झाकणात पेन्सिल तशीच आहे. टोकही शाबूत आहे. कोपरा रिकामा आहे आणि तो आता तसाच राहील.