एकच चांदणी

या, असे पुढे सरकून बसा. मागे भिंतीला टेकलात तर अर्धी गोष्ट भिंतच ऐकून घेईल. आज एका नर्सबाईंची आणि एका टेलरमास्तरांची गोष्ट सांगायची आहे. गोष्ट मोबाइलची आहे म्हणून नाक मुरडू नका. देवाला राहायला जागा कुठलीही चालते, आपणच त्याला एका खोलीत कोंडून बाहेरून कडी घालतो.

तर शुक्रवारची सकाळ होती. डोळ्यांच्या दवाखान्यात, मोठ्या डॉक्टरांच्या टेबलासमोर थेंबताई उभ्या होत्या. कागदोपत्री त्या निवृत्त सिस्टर. पण बत्तीस वर्षं लोकांच्या डोळ्यांत थेंब घातले, तेव्हा त्यांचं मूळ नाव हजेरीपटावरच राहिलं आणि बाई झाल्या थेंबताई.

डॉक्टर मोबाइलवर बोट सरकवत म्हणाले, "सिस्टर, तुमच्या ॲपला पाचपैकी दोन पूर्णांक आठ चांदण्या."

"हो."

"समितीनं ठरवलंय, चारच्या खाली असेल तर डिस्चार्जच्या कागदावर छापायचं नाही. सोमवारी कागद छापायला जातोय."

"मग कुठलं छापणार?"

"ते दुसरं. मोठ्या कंपनीचं."

"त्यात थेंब घालायच्या ऐन वेळी साबणाची जाहिरात लागते, डॉक्टर. म्हातारं माणूस बाटली हातात धरून साबणाचं गाणं ऐकत बसतं!"

डॉक्टर हसले, पण हसून झाल्यावर पुन्हा आकड्याकडे बघू लागले. "आणि एक. लोक तुमचं ॲप महिना-दीड महिन्यात काढून टाकतात. बाजार म्हणतो, हे वाईट लक्षण."

"बरे होतात म्हणून काढतात. डोळा बरा झाल्यावर पट्टी कोण बांधून फिरतं?"

"मला कळतं हो. पण समितीपुढे मी जात नाही, आकडा जातो. ज्यांनी कमी चांदण्या दिल्यात त्यांना विचारून बघा. दिलेल्या चांदण्या बदलता येतात म्हणे."

आता हे ॲप काय ते सांगतो, म्हणजे तुम्हाला चुकल्यासारखं वाटायला नको. मोतीबिंदू काढला की घरी तीन बाटल्या मिळतात, लाल, निळ्या आणि पिवळ्या टोपणाच्या. कुठली कधी, किती वेळा, हे कागदावर बारीक अक्षरांत लिहिलेलं. ज्याचा डोळा नुकता कापलाय त्यालाच बारीक अक्षरं! ताईंच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी एक आजी बाटल्यांची अदलाबदल करून बसली आणि लालभडक डोळा घेऊन परत आली. "मी अडाणी हो, माझंच चुकलं," म्हणत ती ताईंचीच माफी मागत होती. तो शब्द ताईंना लागला.

घरी सून संगणकावर काम करणारी. तिला म्हणाल्या, "अगं, फोन बोलतो ना? मग त्याला माझ्यासारखं बोलायला शिकव." सासूनं आवाज दिला, सुनेनं बाकीचं सगळं केलं. चार महिने दोघी एकाच टेबलावर बसल्या, एकदा भांडल्या, तेही निळा रंग नेमका कुठला यावरून. तयार झालं ते असं: वेळ झाली की फोनवर बाटलीचं मोठ्ठं चित्र येई आणि ताईंचा आवाज येई, "लाल टोपण. उजवा डोळा. एकच थेंब. आता डोळा मिटा हं." ना जाहिरात, ना पैसे.

वाटलं, आता झालं. पण ॲप करणं सोपं आणि ते लोकांच्या हाती पडणं अवघड. मोबाइलमधल्या त्या बाजारात 'डोळ्याचे थेंब' असं शोधलं की वर सोळा दुकानं, यांचं सतरावं. मग सुनेनं एक युक्ती केली. आठ दिवस वापरलं की पडद्यावर पाच चांदण्या येतील आणि ताईंचा आवाज विचारील, "कसं वाटलं? किती द्याल?" सुरुवातीला अकरा जणांनी चार-पाच दिल्या. आणि मग एका महिन्यात एकापाठोपाठ एक अशा बारा जणांनी एकेकच.

त्या दिवशी घरी परतल्यावर सुनेनं ते बाराही अभिप्राय काढून दाखवले. "आई, हे वाचा. मला तर काही झेपत नाहीये."

ताईंनी चष्मा सावरला. 'एक नंबर. देव तुमचं भलं करो.' खाली एक चांदणी. 'बाईंचा आवाज एक नंबर.' एक चांदणी. 'आमच्या मास्तरांनी सांगितलं म्हणून घेतलं, एक नंबर आहे.' एक चांदणी.

"कुणीतरी मुद्दाम करतंय," सून म्हणाली. "दुसऱ्या कंपनीचं काम असणार."

"शिव्या न देता?"

"हो ना. आशीर्वाद देऊन कोण मारतं!"

शनिवारी तपासणीचा दिवस. ताई सवयीनं दवाखान्यात गेल्या. बाकावर ओळीनं माणसं बसली होती, कुणाचा उजवा डोळा झाकलेला, कुणाचा डावा. मधोमध टेलरमास्तर. गळ्यात मापाची टेप तशीच, बहुधा काढायचं विसरून आलेले. शेजारच्या काकूंचा फोन हातात घेऊन ते समजावत होते.

"हे बघा, ह्या पाच चांदण्या. ह्यातली पहिली दाबायची. पहिलीच!"

"आणि बाकीच्या?" काकूंनी विचारलं.

"बाकीच्यांना बोटसुद्धा लावायचं नाही. काम कसं आहे बाईंचं?"

"एक नंबर!"

"मग एक नंबरच द्यायचा ना! शाळेत पाचवा नंबर आला तर पेढे वाटत होते का तुमच्या घरी? पाचवा नंबर देऊन बाईंचा अपमान करायचा?"

काकूंनी पटकन पहिली चांदणी दाबली. तेरावी.

ताई दारातच थबकल्या. त्यांना हसू आलं. मास्तरांनी त्यांना पाहिलं आणि ते बाकावरून उठूनच उभे राहिले.

"ताई, आल्यात का! सगळ्यांना सांगतोय बघा. एकालाही सोडलं नाही मी."

"दिसतंय, मास्तर," ताई म्हणाल्या. एवढ्या माणसांसमोर आणखी काय बोलणार? "उद्या दुकानात आहात का? जरा काम होतं."

"तुमच्यासाठी कधीही."

मास्तरांना सांगायचं, इतकंच तर होतं. ते घरोघरी जातील, तेरा जणांच्या चांदण्या बदलून घेतील, सोमवारी आकडा चारच्या वर जाईल, आणि प्रत्येक डिस्चार्ज कागदावर ताईंचा आवाज छापला जाईल. मग कुठल्या आजीची बाटली चुकणार नाही. रविवारी सकाळी ताई वाटेनं वाक्यं जुळवत गेल्या. 'मास्तर, गंमत झाली बघा.' नको. 'मास्तर, तिथं उलटं असतं.' हे बरं.

दुकान म्हणजे एक शिलाई मशीन, एक आरसा आणि गुडघ्याएवढं टेबल. मास्तर सुईत दोरा ओवत होते. ताई उंबऱ्याशीच थांबल्या. दोरा पहिल्या फटक्यात गेला. मास्तरांनी सुई उजेडात धरून उगाच दोनदा बघितली.

"बसा ताई. तीन वर्षं झाली, दोरा शेजारच्या दुकानातली पोरगी ओवून द्यायची. दर वेळी तिला हाक मारायची म्हणजे लाज वाटायची. पन्नास वर्षं कपडे शिवणारा टेलर मी, आणि सुईचं भोक दिसेना! कापड नीट, हात नीट, आणि गिऱ्हाईक परत पाठवायचं."

"आता छान दिसतंय ना?"

"छान? कापडातली वीण दिसते. ऑपरेशन डॉक्टरांनी केलं, पण घरी मी एकटा. सकाळी तुमचा आवाज यायचा, 'आता डोळा मिटा हं.' कुणीतरी आहे असं वाटायचं."

ताईंनी पदर सारखा केला. "मास्तर, मी त्या चांदण्यांचं सांगायला आले होते."

मास्तरांचा चेहरा पडला. "कमी पडल्या का? अजून सहा जण आहेत माझ्याकडे. संध्याकाळपर्यंत आणतो!"

"अहो नको, नको! पुष्कळ झाल्या."

"मग?"

ताई काही बोलायच्या आत मास्तरांनी टेबलाचा खण उघडला आणि कापडाची एक लहान पिशवी काढली. फोन बसेल एवढी, निळी, दोरीची. तिच्यावर मधोमध पिवळ्या दोऱ्यानं एक चांदणी भरलेली. एकच. टाके इतके बारीक की मागून-पुढून सारखेच दिसत होते.

"नजर परत आल्यावर हातानं केलेलं पहिलं काम आहे हे. म्हटलं, गिऱ्हाइकाचं नंतर. तुम्हाला एक नंबर द्यायचा तर नुसता फोनमध्ये कशाला?"

थेंबताईंनी पिशवी हातात घेतली. जुळवलेली सगळी वाक्यं कुठल्या कुठे गेली. त्यांनी पिशवीवरच्या त्या चांदणीवरून अंगठा फिरवला.

"मास्तर, एक नंबर झालीय," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी सुनेनं दारातच विचारलं, "सांगितलंत ना आई?"

ताईंनी पिशवी टेबलावर ठेवली. सून ती उलटीपालटी करून बघत राहिली. म्हणाली, "टाका काय बारीक आहे हो!" मग तिनं संगणक उघडला आणि चांदण्यांच्या वर एक ओळ घातली: 'पाच म्हणजे सगळ्यात छान.'

"हे पुढच्यांसाठी, आई. आणि आधीच्या तेरा?"

"असू देत त्या."

"आपला आकडा आता आणखी खाली गेलाय."

"माहीत आहे गं." ताई खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या. "मास्तरांच्या अभिप्रायाखाली उत्तर लिहिता येतं का?"

"येतं ना. काय लिहू?"

"लिही, 'मास्तर, पोचलं.'"

सोमवारी मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "बोललात का लोकांशी?"

"बोलायला गेले होते."

"मग?"

"राहून गेलं."

डॉक्टरांनी ताईंच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं आणि सही केली. कागद छापायला गेला. त्यावर दुसऱ्या ॲपचा कोड आला.

ताई बाहेर आल्या. बाकावर डोळा झाकलेली एक बाई मांडीवर तीन बाटल्या घेऊन बसली होती, हातात नवा कागद धरून तो जवळ नेत होती, लांब नेत होती. ताई तिच्या शेजारी टेकल्या.

"फोन आहे का जवळ? द्या इकडे. मी ॲप घालून देते." आणि पडदा उघडेपर्यंत स्वतःच म्हणू लागल्या, "लाल टोपण. उजवा डोळा. एकच थेंब..."

आजही त्या दर शनिवारी त्या बाकावर असतात. एका वेळी एकच फोन.

संपली गोष्ट. तुमच्याकडे मागणं एवढंच आहे. कधी कुणाच्या कामाखाली एकच चांदणी दिसली तर लगेच पुढे जाऊ नका, खालची ओळ वाचा. आणि सुईत दोरा पहिल्या फटक्यात गेला, तर त्या मास्तरांची आठवण काढा.