हातात दिलेली घंटी

सकाळचा उजेड आधी खिडकीच्या कठड्यावर आला, तेथे काही वेळ रेंगाळला आणि मग घरात कुणी आजारी असावे तसा, पाऊल न वाजवता खोलीत उतरला. टेबलावरच्या पेल्यातल्या पाण्याला त्याने स्पर्श केला, तशी छतावर एक थरथरती कडी उमटली. खुर्चीवर टाकलेल्या शर्टाची एक बाही पिवळसर झाली, दुसरी अंधारातच राहिली. शेवटी उजेड खुंटीला टांगलेल्या हेडफोनकडे सरकू लागला. त्यात विशेष असे काहीच नव्हते. कालही तो असाच आला होता. तरी अंथरुणातला तरुण त्याच्यावरून नजर काढत नव्हता. उजेड हेडफोनवर पोचला की उठावे लागणार होते, आणि उठताना मानेतली कळ थेट खांद्यात उतरणार होती.

ध्वनिमुद्रणाच्या एका लहानशा स्टुडिओत तो संपादक होता. श्रुतिकांमधले नको ते श्वास आणि खाकरणे काढून टाकायचे, आणि डाव्या-उजव्या बाजूंच्या आवाजांचा तोल साधायचा, हे त्याचे काम. चारचौघांत बोलणे त्याला कधी जमले नाही. ऐकणे तेवढे जमले, आणि त्या एका गोष्टीवर त्याने आपले सगळे जगणे उभे केले होते. काल मात्र निर्मात्याने त्याची श्रुतिका पुन्हा परत केली. “डावी बाजू परत चढलीय रे. उद्या दुपारपर्यंत नीट कर, नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल.” हेडफोन बिघडलेत, असे त्याने सांगून टाकले. हेडफोन गेल्याच आठवड्यात नवे घेतलेले होते. निर्मात्याने ते बोलून दाखवले नाही, आणि तेच त्याला रात्रभर टोचत राहिले.

“घुम्या, उठलास का?” थोरली बहीण दारातूनच ओरडली. “दोन घास खाऊन घे. रिकाम्या पोटी यायचं नाही, असं बजावलंय डॉक्टरबाईंनी. आणि जीभ खरवडू नकोस, त्यांना बघायचीय.”

“जीभ? ताई, दुखतेय मान.”

“मला काय विचारतोस? मी टोचणार आहे का सुया? आणि सैल कपडे घाल, उगाच नवरदेवासारखा आवळून येऊ नकोस.”

डॉक्टरबाईंचा अ‍ॅक्युपंक्चरचा दवाखाना किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर होता. एक टेबल, तीन खुर्च्या, पडद्याआड एक पलंग. त्याने भिंतीलगतची डावीकडची खुर्ची धरली, म्हणजे ताई आपोआप त्याच्या उजव्या हाताला आली. बसण्याची ही त्याची सवय होती. तिचे कारण त्याने स्वतःला कधी विचारले नव्हते.

बाईंनी दोन्ही मनगटांची नाडी निवांतपणे पाहिली, जीभ पाहिली. “झोप लागते? तहान? हातपाय गार पडतात?” मग त्या थांबल्या. “माझ्याकडे सरळ बघा. बोलताना मान डावीकडे का वळवता?”

“सवय आहे.”

“कानात आवाज येणं, कमी ऐकू येणं, असं काही?”

“छे! माझं कामच कानांचं आहे.” प्रश्न पुरता संपायच्या आत उत्तर आले.

“हाक मारली की ओ द्यायची नाही, एवढाच याचा आजार,” ताई म्हणाली. “त्यावर असली तर लावा एखादी सुई. जरा जाडच लावा.”

बाई हसल्या. “सुया केसासारख्या बारीक असतात, आणि एकदा वापरली की मी टाकून देते. टोचताना मुंगी चावल्यासारखं वाटेल, मग जड वाटेल, नाहीतर झिणझिण्या येतील. त्याला घाबरायचं नाही. पण जोराची कळ आली किंवा गरगरलं तर अंगावर काढू नका. आणि एका दिवसात मान मोकळी होईल असं मी कबूल करत नाही. आज कदाचित नुसतीच झोप येईल.” त्यांनी त्याच्या उजव्या हातात पितळेची छोटी घंटी दिली. “मी पडद्यापलीकडेच आहे. काही वाटलं तर हलू नका, ही वाजवा.”

उजव्या कुशीवर, मऊ उशीत गाल रुतवून तो निजला. मानेत, खांद्यात, डाव्या कानामागे सुया गेल्या. खरोखरच मुंगीपेक्षा जास्त काही नव्हते. बाई निघून गेल्या आणि मग त्याचे मन सैरभैर झाले. नाक खाजू लागले. दुपारची मुदत आठवली. “दुसरा माणूस” कसा दिसत असेल, हे त्याला नको असताना दिसू लागले.

मग त्याला जाणवले, की खोली विलक्षण शांत आहे. स्टुडिओतही इतकी शांतता मिळत नाही. खिडकीतून समोरच्या छपरावर एक कामगार दिसत होता. त्याचा हातोडा वर जाई, पत्र्यावर पडे, पुन्हा वर जाई. काच चांगलीच जाड असणार, असे त्याने मनाशी म्हटले. तेवढ्यात खिडकीचा पडदा वाऱ्याने फुगला आणि त्याच्या पायांना गार झुळूक लागली.

कपाळावर घाम आला. खिडकी किंचित कलली. त्याने घंटी हलवली.

काहीच वाजले नाही. आतला लोळा गळून पडला असेल, म्हणून त्याने घंटी डोळ्यांपुढे धरली. लोळा जागेवर होता. पितळेच्या कडेवर नेमका आपटत होता. घंटी खराब आहे, असे ठरवून त्याने ती आणखी जोरात हलवली, आणि हलवतच राहिला.

पडदा सरकला. ताई दोन्ही कानांवर हात ठेवून उभी होती आणि तिचे ओठ भराभर हलत होते. बाईंनी त्याच्या मुठीवर हात ठेवला, एकेक सुई काढली आणि त्याला उताणे केले. उजवा कान उशीतून सुटला, आणि हातोडा, रस्ता, ताई, सगळे एकदम अंगावर आले.

“...अख्खी गल्ली गोळा करशील! एकदा वाजवली असतीस तरी पुरे होतं. मी तुला हाकांवर हाका मारतेय, आणि तू डोळे उघडे ठेवून आपला ढिम्म!”

“आधी पाणी द्या त्यांना,” बाई म्हणाल्या. मग घंटी उचलून त्यांनी हलकेच हलवली. “बिघडलीय का हो?”

त्याने मान डावीकडे वळवायला घेतली आणि अर्ध्यात थांबवली. कळ तिथेच होती, तिच्या ठरलेल्या जागी.

“नाही,” तो म्हणाला. “घंटी चांगली आहे. हेडफोनही चांगले आहेत. ताई, ते काम दुसऱ्याला द्या म्हणून निर्मात्याला दुपारी सांगायला लागेल.”

“का रे? अचानक काय झालं?”

“अचानक नाही. मला डाव्या कानाने ऐकू येत नाही.”