दिवाणजीला बांधावर अडवलं

तुळसाचा त्या गोष्टीवर ऐकताक्षणी विश्वास बसला, आणि का बसू नये? मतपत्रिकेवर नंबर असतो, त्यावरून कोणी कोणाला मत दिलं ते मतमोजणीचा साहेब वाचतो आणि पाटलाला कळवतो, असं केवळराम पाटलाचा दिवाणजी गोपीचंद गावभर सांगत फिरत होता. नंबर तर तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. आणि तिच्या चुलीवर काय शिजतं हेसुद्धा ज्या पाटलाला ठाऊक, त्याला मत कळणार नाही?

अठ्ठ्याहत्तर सालची ही गोष्ट. पंचायतीला पाटलाविरुद्ध विमलाबाई उभी होती. तुळसाच्याच बौद्ध मोहल्ल्यातली, तिच्याच सोबत चिखलात धानाची रोपं लावणारी, रोवणा करणारी. पण पाटलाच्या शेतात काम मिळालं नाही तर खायचं काय? तुळसानं तिला तोंडावर सांगून टाकलं होतं, "बाई, माह्यं मत धरू नको."

रोवणा संपायच्या दिवशी बांधावर जो येईल त्याला बायका अडवतात, काही घेतल्याशिवाय सोडत नाहीत. त्या दिवशी नेमका गोपीचंद आला, पांढरंशुभ्र धोतर सावरत. चिखलाच्या हातांनी बायकांनी त्याला घेरलं. त्यानं हसत खिशात हात घातला.

"पैसे राहू द्या," विमलाबाई म्हणाली. "मागच्या वक्ती कोनं कोनाले मत देल्लं, ते सांगा. तुमाले त सारं मालूम हाये. या तुळसाबाईचंच सांगा."

आता आली का पंचाईत! गोपीचंदनं तुळसाकडे पाहिलं. खाली मान घालून राबणारी म्हातारी. त्याला वाटलं, हे तर सोपं.

"पाटलालेच देल्लं. मी सोता नंबर पाह्यला."

तुळसाच्या डोक्यात तिडीक गेली. मागच्या वेळी तिनं पाटलाला मत दिलंच नव्हतं. म्हणजे या मेल्याला काही म्हणजे काही दिसत नव्हतं, आणि त्याच्या धाकानं तिनं विमलाबाईला मत नाकारलं होतं. नुसतं 'हाव', म्हणजे हो, म्हटलं असतं तर काम राहिलं असतं. अफवाही राहिली असती.

"खोटं," ती म्हणाली. "मी पाटलाले नाही देल्लं. यंदाबी देनार नाही."

"तोंड सांभाळ. कापनीले कोन बलावते तुले, पाहतो."

"नंबर कायले वाचता मंग? मीच सांगून राहिली. जा, सांगा पाटलाले."

कुणब्यांची चंद्रभागाबाई आजवर कधी तुळसाच्या बाजूनं बोलली नव्हती. ती चिखलातून वर आली.

"माह्यंबी सांगा," ती म्हणाली. "मीबी नाही देल्लं."

गोपीचंदला वाट द्यायला कोणी बाजूला सरेना.