आडव्या पट्ट्या

आकडेवालीने बटण दाबलं आणि आडव्या पट्ट्या पडद्यावर पसरल्या.

"हं. सकाळच्या उभ्या खांबांत नावं एकमेकांच्या अंगावर चढून बसली होती," मोठे डॉक्टर म्हणाले. "आलेख होता की भाजीची गाडी?"

टेबलाभोवतीचे विभागप्रमुख हसले. आकडेवाली हसली नाही. इस्पितळात तिला सगळे याच नावाने हाक मारत. वर्षभरात कुठल्या विभागात किती रुग्ण खाटेवरून पडले, ते त्या पट्ट्या सांगत होत्या. सर्वांत लांब पट्टी ज्याची, त्या प्रमुखाने खुर्ची सोडायची, असं डॉक्टरांनीच जाहीर करून ठेवलं होतं.

सर्वांत लांब पट्टीपुढे नाव होतं बालविभागाचं.

"काय सिस्टर? एकवीस! लेकरं आहेत का चेंडू?"

बालविभागाची सिस्टर म्हणजे आकडेवालीची थोरली जाऊ. एका घरात दोन चुली, मध्ये भिंत आणि दोन वर्षांचा अबोला.

"माझ्याकडे चार पडली," थोरली ताडकन उठली. "चौघांची नावं तोंडपाठ आहेत मला. एकवीस कुठून आणली ते हिलाच विचारा. घरात भिंत घालून पोट भरलं नाही, आता इथे माझ्या मुळावर उठलीय."

"घरचं भांडण घरी," डॉक्टरांनी दटावलं.

तोंडावर फेकायला आकडेवालीकडे उत्तर तयार होतं. पण पडद्याकडे नजर गेली आणि तिला चूक दिसली. आलेख काढायचा तिचा संगणकातला प्रोग्राम आडव्या आलेखात पहिली पट्टी तळाशी टाकतो. मोठी पट्टी वर यावी म्हणून तिने आकड्यांचा क्रम उलटवला होता. नावांची यादी मात्र हाताने लिहिलेली, ती उलटवायची राहून गेली होती.

बोलली तर तिचं इथल्या कामाचं कंत्राट जाणार. गप्प बसली तर थोरली जाणार, आणि कुणाला कळणारही नाही. तिने पदराने कपाळ टिपलं.

"चूक माझी आहे. नावं उलटी लागलीत."

"मुद्दाम लागलीत म्हण की," थोरली फणकारली.

आकडेवालीने प्रोग्राममधली एक ओळ बदलली. एकवीसची पट्टी होती तिथेच राहिली, पुढचं नाव तेवढं बदललं. शस्त्रक्रिया. मोठ्या डॉक्टरांचा स्वतःचा विभाग.

आता कुणीच हसलं नाही.

"असं करा," डॉक्टर सावकाश म्हणाले, "सगळ्या विभागांच्या पट्ट्या एकावर एक रचा. अख्ख्या इस्पितळाचा एकच खांब, एकाच रंगाचा. नावं नकोत. आणि तुमच्या कंत्राटाचं आपण नंतर बोलू."

तेही एका ओळीचंच काम. तिची बोटं कळफलकावर टेकली, पण हलली नाहीत. प्रमुखांनी आपापल्या कागदांत डोकी खुपसली. थोरलीची तर सुटका झालीच होती. तिने टेबलावरची सगळ्या विभागांची नोंदवही काखेत मारली, खुर्ची मागे ढकलली आणि दाराकडे न जाता टेबलाला वळसा घालून आली.

"सरक."

आकडेवाली सरकली.

"तुझा काडीचा भरवसा नाही मला. मी वाचते, तू प्रत्येक पट्टीच्या टोकाला आकडा लिही. परत घोळ घातलास तर बघ."

थोरलीने चष्मा चढवला, वही उघडली आणि डॉक्टरांकडे न बघता खणखणीत आवाजात वाचलं,

"शस्त्रक्रिया. एकवीस."