तासाची पेटी

तिसरीच्या ब तुकडीचं गणिताचं पुस्तक एकोणिसाव्या पानावर अडून बसलं होतं आणि शेजारची अ तुकडी सत्तराव्या पानावर पोचली होती. मध्ये फक्त प्लायवूडची भिंत. पलीकडून गुरुजींचा खणखणीत आवाज यायचा, पाठोपाठ चाळीस पोरांचा, एका सुरात. ब तुकडीतून यायचा तो नुसता कलकलाट.

सोमवारी मुख्याध्यापक, म्हणजे मोठे सर, वर्गात आले ते दारातल्या पुठ्ठ्याच्या पेटीला ठेचकाळतच.

"बाई, हा काय बाजार मांडलाय? तीन आठवडे झाले, एक वजाबाकी संपेना तुमची! शुक्रवारी साहेब तपासणीला येतायत. पोरं तोंडावर पडली, तर पुढच्या सोमवारपासून दोन्ही तुकड्या गुरुजींकडे. तुम्ही बसा ऑफिसात हजेरीपट सांभाळत. मग म्हणू नका आधी सांगितलं नाही."

बाई "बरं" म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार? बावीस वर्षं त्या पोरांत वावरल्या होत्या. वर्ग गेला तर सकाळी उठून शाळेत यायचं कशाला, हेच त्यांना कळेना.

आणि या सगळ्याच्या मुळाशी कोण? तर दुसऱ्या बाकावरची पिटुकली. वर्गात सगळ्यांत बुटकी, म्हणून पिटुकली. तीन आठवड्यांपूर्वी फळ्यावर तीनशे दोनातून अठ्ठेचाळीस वजा करायचे होते. बाईंनी नेहमीचंच सांगितलं, दोनातून आठ जात नाहीत, शेजाऱ्याकडून उसना घ्या. तशी ही उठून उभी.

"बाई, शेजाऱ्याकडे तर शून्य आहे. त्याच्याकडेच काही नाही, तो काय देणार, कपाळ?"

सगळा वर्ग खो खो हसला. बाई सांगणार होत्या, मग पलीकडच्याकडून घे आणि शून्यावर नऊ लिही. पण शब्द ओठांवरच राहिले. नऊच का? लहानपणापासून त्या शून्यावर नऊ लिहीत आल्या होत्या, हजारभर पोरांकडून लिहून घेतले होते, आणि ते नऊ येतात कुठून हे त्यांनी एकदाही कुणाला विचारलं नव्हतं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. "उद्या सांगते," म्हणाल्या आणि खडू खाली ठेवला.

शाळा सुटल्यावर पिटुकलीची आई न्यायला आली. ती बोल्टच्या कारखान्यात पॅकिंगला होती. लेकीचा प्रश्न ऐकून ती हसलीच.

"अहो बाई, हे तर आमचं रोजचंच. दहा बोल्टांचं एक पाकीट, दहा पाकिटांची एक पेटी. सुटे बोल्ट संपले आणि पाकीटही शिल्लक नसलं, तर पेटी फोडायची. त्यात काय एवढं!"

दुसऱ्या दिवशी त्या माऊलीने टाकाऊ पेट्यांची थप्पीच आणून दिली. बाईंनी आइस्क्रीमच्या काड्या जमवल्या. दहा काड्यांना रबर लावलं की जुडी, दहा जुड्या भरल्या की पेटी. तीनशे दोन म्हणजे तीन पेट्या, सुटी जुडी एकही नाही आणि दोन काड्या. आता यातून अठ्ठेचाळीस काढा म्हटल्यावर पोरांनी एक पेटी टराटरा फोडली. दहा जुड्या निघाल्या. त्यातल्या एका जुडीचं रबर काढलं. जुड्या उरल्या किती?

"नऊ!" पिटुकली किंचाळली. "बाई, ते नऊ हेच! शून्याकडे नव्हतंच कुठे? पेटीत होतं, बंद!"

तेव्हापासून वर्गात एक कायदा झाला. काय फोडलं आणि त्यातून किती निघाले, हे सांगता आल्याशिवाय वहीत आकडा लिहायचा नाही. कायदा पोरांनी इतका मनावर घेतला, की एकेका गणितावरून भांडणं जुंपायची. पान मात्र पुढे सरकेना. गुरुजी दारातून डोकावून म्हणायचे, "काय बाई, आज कितीचं सरपण?" बाई हसून सोडून द्यायच्या, पण मनाला लागायचंच.

शुक्रवारी साहेब आले. वाळलेल्या अंगाचे, मोजकं बोलणारे. आधी अ तुकडीत गेले. बाई इकडे प्लायवूडला कान लावून. लावू नये, पण राहवतंय थोडंच!

"एक गाडी पाच तास दहा मिनिटं चालली," साहेब म्हणत होते. "दुसरी दोन तास पंचेचाळीस मिनिटं. पहिली किती जास्त चालली?"

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. तासांची वजाबाकी एकाहत्तराव्या पानावर! त्यांच्या पोरांनी पुस्तकात ते पान पाहिलंही नव्हतं. पलीकडे पाट्यांवर खडू कुरकुरले आणि चाळीस आवाज एका सुरात गरजले, "दोन तास पासष्ट मिनिटं!"

"शाब्बास!" मोठे सर म्हणाले. साहेबांनी नुसतं वहीत काहीतरी टिपलं.

मग ते इकडे आले. मागून मोठे सर, त्यांच्यामागे गुरुजी. तेच गणित फळ्यावर लिहिलं गेलं. बाईंनी हात पाठीमागे घट्ट धरले. डोळ्यांनीसुद्धा काही सुचवायचं नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं.

"दोन तास पासष्ट," मागच्या बाकावरून एक जण बोलला. पोरगा हुशार, पण घाई फार. मोठ्या सरांनी मान डोलावली.

"ए, थांब!" पिटुकली उठली. "फोडलंस काय?"

"दहातून पंचेचाळीस जात नाहीत. मग तास फोडला."

"आणि त्यातून निघाले किती?"

"शंभर..." तो म्हणाला आणि स्वतःच अडखळला. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. ओठ हलवत पाच-पाचने मोजत काटा सगळा फिरवून आणला, आणि कपाळावर हात मारून घेतला. "अगं हो की! साठ!"

"बघ! तासाच्या पेटीत साठच मावतात. हे दहा आणि ते साठ, सत्तर. सत्तरातून पंचेचाळीस गेले, पंचवीस. तास राहिले चार, त्यातले दोन गेले." पिटुकली साहेबांकडे वळली. "दोन तास पंचवीस मिनिटं. आणि पासष्ट मिनिटं कुणी सांगितली तर ते चूक, कारण त्यात अजून एक तास भरतोय. भरला तर पेटी बंद करायला नको?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"हा धडा कधी झाला, बाई?"

"झाला नाही, साहेब." बाई म्हणाल्या. "आम्ही अजून एकोणिसाव्या पानावर आहोत."

"एकोणिसाव्या पानावर राहून एकाहत्तरावं पान सोडवलंय यांनी," साहेब मोठ्या सरांना म्हणाले. "सकाळी म्हणालात तसा या बाईंचा वर्ग हलवण्याचा विचार अजून असेल, तर आधी मला येऊन भेटा."

मोठ्या सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "छे छे, साहेब! विचार कसला!" म्हणत त्यांनी ती दारातली पेटी स्वतःच्या हाताने उचलून नीट कोपऱ्यात ठेवली. बाईंना असा आनंद झाला, की पोरांसमोर उड्याच मारल्या असत्या. नुसतं नाक पुसलं आणि म्हणाल्या, "चला, पुढचं गणित."

संध्याकाळी बाई काड्या गोळा करत होत्या. पिटुकली आईची वाट पाहत बाकावर पाय हलवत बसली होती. दार वाजलं. गुरुजी. आज सरपणाची चौकशी नव्हती. ते आत आले, पिटुकलीशेजारच्या इवल्याशा बाकावर गुडघे दुमडून कसेबसे बसले, आणि खाकरून म्हणाले, "एकतीस वर्षं शिकवतोय मी. शून्यावर नऊ का, ते मला कुणी दाखवलंच नाही बघ."

पिटुकलीने आधी बाईंकडे पाहिलं. बाईंनी हळूच मान हलवली. मग तिने कोपऱ्यातली पेटी ओढत आणून गुरुजींच्या पुढ्यात ठेवली.

"फोडा, गुरुजी," ती म्हणाली. "आणि मोजा. मी बघते."