पाठीचा पट्टा

बर्नडीनने सात नंबरचा शर्ट उलटा केला, पाठीच्या आतल्या बाजूला पट्टा टेकवून धरला आणि नायलॉनच्या दोऱ्याचं रीळ बाजूला सारलं. सुईत तिने ओवला तो कच्च्या टाक्याचा सुती दोरा.

पट्ट्याचं दुसरं टोक पँटला अडकवतात. बर्फावर मारामारी जुंपली की समोरचा आधी शर्ट ओढून डोक्यावरून घ्यायला बघतो. पट्टा असला की शर्ट वर जात नाही. हॅलोवे गावच्या आइस हॉकी संघातल्या सगळ्यांचे पट्टे बर्नडीन शिवायची. आजवर एकही उसवला नव्हता.

"थिबोचा झाला का?" सामान सांभाळणाऱ्या वॉल्टने दारातून विचारलं. "उद्या आपल्याकडून पहिलाच सामना त्याचा. तिकिटं संपलीसुद्धा! मागे ज्याच्या अंगावर लोकांनी बिअर फेकली, आज त्याच्याच नावाच्या टोप्या घालून फिरतायत लेकाचे."

"होतोय."

दोन हिवाळ्यांपूर्वी या मार्सेल थिबोच्या काठीने तिच्या धाकट्या भावाचा, हॅलोवेकडून खेळणाऱ्या एडमंडचा, डावा डोळा गेला होता. थिबो तेव्हा विरुद्ध संघात होता. शिक्षेची पाच मिनिटं बाहेर बसला आणि परत खेळायला उतरला. एडमंड आता त्याच रिंकच्या, बर्फाच्या मैदानाच्या, दारात तिकिटं फाडायचा. या खालच्या लीगमध्ये खेळाडूंची अदलाबदल चालूच असे. या उन्हाळ्यात थिबो हॅलोवेच्या वाट्याला आला होता.

"आता आपलाच आहे तो, बर्नी," एडमंड काल जेवताना म्हणाला होता. "आणि मारतो काय जबरदस्त!"

तिने त्याच्या ताटात बटाटे आपटले होते.

संध्याकाळी शर्ट न्यायला थिबो स्वतःच आला. टोपी काढून उभा राहिला. शर्ट उलटा करून त्याने सवयीने पट्ट्यात अंगठा अडकवला आणि ओढला. एक टाका तट्कन तुटला.

त्याने टेबलावरच्या नायलॉनच्या रिळाकडे पाहिलं. मग तिच्याकडे. बर्नडीनने नजर हटवली नाही.

"तुम्ही एडमंडच्या बहीण ना, मॅडम?"

"हो."

त्याने शर्टाची नीट घडी घातली.

"बरा बसेल," तो म्हणाला आणि निघून गेला.

तो वॉल्टला सांगेल म्हणून ती दिवा न मालवता बसून राहिली. कोणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी खेळ अर्ध्यावर आला असताना पाहुण्यांच्या एका धिप्पाड गड्याने हातमोजे फेकले आणि थिबोला धरलं. एका हिसक्यात सात नंबर त्याच्या डोक्यावरून गेला.

"पट्टा गेला रे!" मागून कोणीतरी ओरडलं.

प्रेक्षकांत बर्नडीनच्या शेजारी बसलेला एडमंड ताडकन उभा राहिला. "शर्ट सोड, हरामखोरा! दिसत नाहीये त्याला! काहीच दिसत नाहीये!"

बर्नडीन बसून होती. ठोसे पडत होते. एरवी पहिला ठोसा मारणारा थिबो हात खाली सोडून उभा होता, कापडात तोंड घेऊन, कोणी माप घेत असल्यासारखा.

"लढ," ती दातांतून म्हणाली. "लढ ना, मेल्या."

तो लढला नाही. पंचांनी त्या गड्याला ओढून काढलं तेव्हा बर्फ लाल झाला होता आणि सगळं हॅलोवे उभं राहून त्याच्या नावाने ओरडत होतं. एडमंड सगळ्यांत मोठ्याने.

सोमवारी थिबोने फाटका शर्ट तिच्या टेबलावर ठेवला. त्याचा डावा डोळा सुजून पार मिटला होता.

"झालं ना, मॅडम?"

ती उठली. त्याची हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं आणि डोळा जवळून पाहिला, शिवण तपासावी तसा.

"उघडेल हा," ती म्हणाली. "चार-पाच दिवसांत."

तिने हनुवटी सोडली.

"शनिवारी सामना आहे ना?"

"आहे."

"शर्ट ठेव. शुक्रवारी ये न्यायला."