या डबीत आणखी काय आहे?

क्षणभर डोळे मिटा बरं. समोर एक मोठा पेटारा आहे असं समजा. मोजे, खडू, चमचे, औषधं, सगळं त्यात कोंबलेलं. त्यात कुठेतरी एक सुई आहे, आणि ती रोज एका मुलीच्या पोटात टोचते आहे. उद्या सकाळपर्यंत ती सापडायला हवी. पेटारा उपसून सापडेल का?

निशिगंधाची तीच गत झाली होती. ती मूळची पुण्याची. नवरा विराज आणि नऊ वर्षांची अवनी यांच्यासह नेदरलँड्समधल्या रायस्वाइकला राहायची. अवनीला गहू चालत नाही, कणभर गेला तरी आतडी सुजतात, हे चार महिन्यांपूर्वी कळलं. त्याच दिवशी निशिगंधाने घरातली कणीक, रवा, शेवया सगळं शेजारी देऊन टाकलं. तेव्हापासून घरात फक्त भात आणि ज्वारीची भाकरी. तरी अवनीचं पोट दुखायचं राहीना. वजन तीन किलोंनी उतरलं, शाळेत सायकल चालवत जायची ती बसने जाऊ लागली. डॉक्टर म्हणाले होते, "गहू कुठून जातोय ते गुरुवारपर्यंत शोधा. नाही सापडला, तर पुन्हा भूल देऊन दुर्बीण घालावी लागेल." पहिल्या दुर्बिणीच्या वेळी अवनीची नखं आईच्या मनगटात रुतली होती. त्या खुणा आता गेल्या होत्या, पण निशिगंधाचा हात अजून तिथेच जायचा.

तिचा संशय शनिवारच्या मराठी शाळेवर होता. तिथे मुलांसाठी घरोघरचे डबे येत आणि डब्यात काय आहे ते शाळेच्या संकेतस्थळावर लिहायचं असे. ते संकेतस्थळ निशिगंधानेच बनवलेलं. नोंद करायच्या पानावर 'वर्णन' असा एकच मोठा चौकोन होता. कुणी लिहायचं, 'मसालेभात, गव्हाचं काही नाही'. कुणी लिहायचं, 'नेहमीचंच'. तोच आपला पेटारा.

निशिगंधाने आठवडाभर रजा टाकली आणि तो चौकोन मोडला. माहिती लिहिणाऱ्यांनी जगभरात मिळून शब्दांची एक यादी ठरवलेली आहे. 'माणूस' म्हटलं की नाव आणि जन्मतारीख, 'पाककृती' म्हटलं की घटक, वेळ, किती जणांना पुरेल. निशिगंधाने नोंदीच्या पानाला ती यादी वाचायला शिकवलं. आता 'पाककृती' निवडली की पान आपणहून कप्पे मांडायचं, एका घटकाला एक कप्पा. त्यात तिने स्वतःचा एक नियम घातला. घटक विकतचा असेल तर पानाने प्रत्येकाला विचारायचं, 'या डबीत आणखी काय आहे?' आणि कुणीही उत्तर बदललं की ते तो घटक असलेल्या प्रत्येक पाककृतीला लागू व्हायचं. कुठेही गहू निघाला की ती ओळ लाल, नाहीतर हिरवी. शाळेचे डबे आणि घरचा स्वयंपाक, दोन्ही तिने त्यात घातले.

बुधवारी अवनीची रोजची शाळा दुपारीच सुटते. अवनी पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून सोफ्यावर पडली होती. तेवढ्यात कुमुदिनीकाकूंचा फोन आला. मराठी शाळेतले निम्मे डबे त्यांच्याच हातचे.

"निशिगंधा, तुझा फॉर्म आहे की पासपोर्ट ऑफिस? हिंगात काय म्हणून विचारतो मला. हिंगात हिंगच असणार ना गं. आता मिठात काय ते पण विचार."

"विचारलंय, काकू. खालच्या कप्प्यात."

"धन्य आहे. भरलंय बाई सगळं."

निशिगंधाने पान उघडलं. तेवीस पाककृती, तेवीस हिरव्या ओळी. वरून खाली, खालून वर, तिने चारदा पाहिलं. लाल काही नव्हतं.

"काकू, खरं सांगा. लाडू वळताना कणीक लागली असेल हाताला. तुम्ही विसरला असाल."

"ती माझ्या नातीसारखी आहे," काकू हळूच म्हणाल्या आणि फोन ठेवला.

निशिगंधाने टेबलावर डोकं टेकलं. आता शोधायला जागाच उरली नव्हती.

"ममा, ब्वाइकपाइन," अवनी म्हणाली. पोट दुखतंय, हे ती नेहमी डचमध्येच सांगायची. उत्तर आलं नाही तशी ती उठून आली आणि आईच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहू लागली. शनिवारच्या शाळेमुळे तिला सावकाश का होईना, मराठी वाचता यायचं.

"आपली आमटी. हिंग. डबीत आणखी काय आहे: हिंग," तिने वाचलं. "हू रोट धिस?"

"मी."

"बॉक्स बघून?"

निशिगंधाने मान वर केली. बघायला होतं काय? विराज पुण्याहून दरवेळी डझनभर हिंगाच्या डब्या आणायचा आणि शाळेतल्या सगळ्या घरांत वाटायचा. घरी आणलं की हिंग स्टीलच्या डबीत ओतायचा आणि मूळ डबी टाकून द्यायची. तिच्या आईनेही तेच केलं होतं. हिंगाच्या डबीवर काय लिहिलंय ते तिने आजवर कधी वाचलंच नव्हतं.

अवनीने स्टूल ओढलं, वरच्या फळीवरून न फोडलेली एक डबी काढली आणि खिडकीपाशी नेली. बारीक इंग्रजी अक्षरांवरून तिचं बोट सरकत गेलं आणि तिसऱ्या शब्दावर थांबलं. आईला बाजूला सरकवून ती खुर्चीत बसली, आईने लिहिलेला 'हिंग' पुसला आणि एका बोटाने एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'गव्हाचं पीठ'.

आधी घरची आमटी लाल झाली. मग भाजी, मग वरण, मग मराठी शाळेतला मसालेभात. लाडवांची ओळ हिरवीच राहिली.

अवनीने टेबलावरचा फोन उचलला, कुमुदिनीआजींचा नंबर लावला आणि आईच्या हातात दिला.